वाचलेली नाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या आष्ट्यात कुणाच्या घरी जुना चांदीचा रुपया निघाला, की तो आधी सराफाकडे जातो. सराफ त्याचं वजन करतो, टंच सांगतो. त्यावरची अक्षरं इंग्रजी असतील तर प्रश्न तिथंच मिटतो. पण ती उलट्या बाजूने लिहिल्यासारखी दिसली, की तो म्हणतो, 'हे उर्दू दिसतंय, त्यांना दाखवा.' मग ते नाणं माझ्याकडे येतं. मी कविता मराठीत लिहितो हे गावाला माहीत आहे, पण लहानपणी मकतबमध्ये अलिफ-बे गिरवलेलं आहे हेही गावाला माहीत आहे. एकदा शेतावरच्या एक म्हाताऱ्या बाई पदराची गाठ सोडून म्हणाल्या, 'भाऊ, कुणाचा पैका हाय ह्यो? पेशव्याचा म्हनं आमचा म्हातारा. मग ह्येच्यावर तुमचं अक्षार कसं?'

बाईंचा प्रश्न मोठा होता. नाण्यावरची अक्षरं उर्दू नव्हती, फारसी होती. आणि त्यांचा म्हातारा बरोबर सांगत होता, तो रुपया पेशवाईतलाच होता. त्यावर एका बाजूला अंकुश होता, गणपतीच्या हातात असतो तो. म्हणून अशा रुपयाला 'अंकुशी' म्हणत. आणि भोवती नाव होतं दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. पुण्याच्या टांकसाळीतल्या रुपयांवर गावाचं नाव येतं 'मुहियाबाद पुणे'. हे नाव पुण्याला औरंगजेबाने दिलं होतं. औरंगजेब गेला, पुण्यात पेशव्यांचं राज्य आलं, तरी नाण्यावरचं नाव तेच राहिलं. आमच्या जवळच्या मिरजेचं नाव नाण्यांवर 'मुर्तजाबाद' असं वाचायला मिळतं.

याचं कारण भक्ती नाही आणि गुलामगिरीही नाही, बाजार आहे. रुपया चालतो तो घेणाऱ्याच्या विश्वासावर. शेतकरी, वाणी, शिपाई यांच्या डोळ्याला ज्या अक्षरांची सवय झालेली असते, ती बदलली की सराफ त्या नाण्यावर बट्टा कापतो. 'नावाला बट्टा लागणे' हा आपला वाक्प्रचार याच बट्ट्यातून आला. म्हणून मराठ्यांनी चांदीच्या रुपयावर बादशहाचं नाव ठेवलं आणि आपली खूण तेवढी कोपऱ्यात घातली. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई नागरी अक्षरांत काढली, तो स्वाभिमानाचा वेगळा अध्याय आहे. पण चांदीच्या व्यवहारात पुढे सगळेच बादशाही छापाला चिकटून राहिले. इंग्रजांची कंपनीसुद्धा. बंगालमध्ये तिने शाह आलमच्याच नावाने रुपये पाडले, आणि त्यावर राज्याभिषेकापासूनचं एकोणिसावं वर्ष तसंच गोठवून टाकलं. त्या शाह आलमचे डोळे १७८८ मध्ये गुलाम कादिरने काढले होते. ज्याला स्वतःला आपलं नाणं दिसत नव्हतं, त्याचं नाव अर्ध्या हिंदुस्थानच्या कनवटीला होतं.

ही नाणी वाचायला अवघड का जातात, तेही सांगतो. हाताने कापलेल्या चांदीच्या चकतीवर ठसा ठेवून वर हातोडा मारत. ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे मजकूर कधीच पूर्ण उमटत नाही. एका नाण्यावर बादशहाच्या नावाचं शेपूट येतं, दुसऱ्यावर सालाचे दोन आकडे, तिसऱ्यावर गावाच्या नावाचा अर्धा भाग. संग्राहक एकाच जातीची पाच-सहा नाणी शेजारी शेजारी ठेवतो आणि त्यांतून सगळा मजकूर जुळवतो. जहांगीरच्या काळापासून मोगल नाण्यांवर फारसी शेर घालायची पद्धत होती. शायराच्या नशिबी याहून मोठा प्रसार कधी आला नसेल. आणि इतक्या हातांतून जाऊनही इतक्या कमी लोकांनी वाचलेला कवीही दुसरा नसेल.

साल बहुधा हिजरी असतं. त्याचा हिशेब सोपा आहे. हिजरी सालाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. १२१५ असेल तर साधारण इसवी सन १८००. पेशवाई बुडाल्यावर पुण्यात इंग्रजांनी काही वर्षं अंकुशी रुपया चालूच ठेवला, त्यावर फसली सन आहे. त्यात ५९० मिळवले की झालं. एवढं गणित आणि फारसीचे दहा आकडे ज्याला येतात, त्याला आपल्या घरातल्या रुपयाचं वय काढता येतं. त्याला मौलवी लागत नाही आणि माझ्यासारखा बी.ए.ही लागत नाही.

आता ही नाणी गोळा करणं हा श्रीमंतांचा छंद आहे असं अनेकांना वाटतं. मला ती आमच्या भागाची जबाबदारी वाटते, कारण आम्ही भट्टीच्या शेजारी राहतो. इकडे कोल्हापूर जिल्ह्यात हुपरी आहे, पैंजणांचं आणि चांदीच्या दागिन्यांचं गाव. तिकडे विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव हा गलाईवाल्यांचा मुलूख. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी ही माणसं दुष्काळी भागातून बाहेर पडली आणि पार केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेकडच्या शहरांपर्यंत सराफ बाजारांत पोचली. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण मुशीत चांदी पडली की ती फक्त चांदी उरते. २०२५ मध्ये चांदीने किलोला लाख रुपयांचा टप्पा मागे टाकला आणि त्यानंतरही ती वर चढत राहिली, तेव्हा घराघरांतल्या ट्रंका उघडल्या. राणीछाप रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. किलोला लाखाचा भाव धरला तरी तिचे हजारावर रुपये होतात. ज्याला मुलीचं लग्न करायचं आहे त्याला मी काय सांगणार? विका, पण आधी वाचून घ्या, एवढंच सांगतो. मराठीत 'वाचणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत हे माझं नशीब.

तसं पाहिलं तर वितळणं हाच चांदीचा धर्म. शेरशाह सूरीने रुपया रुळवला तो १५४० ते १५४५ या काळात, वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. आणि त्याच सुमाराला, १५४५ मध्ये, दक्षिण अमेरिकेत पोतोसीच्या डोंगरात चांदीची प्रचंड खाण सापडली. तिथली चांदी स्पेनच्या 'रियाल' नाण्यांच्या रूपाने युरोपात यायची. कापड, नीळ आणि मिरी घ्यायला व्यापारी ती सुरतेला आणायचे. मोगल राज्यात परकी नाणं तसंच चालत नसे, ते टांकसाळीत देऊन त्याचे रुपये करून घ्यावे लागत. सुरती रुपयात बोलिव्हियाच्या डोंगरातली चांदी आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरातला एक रुपया उगीचच हातात घेऊन बसलो होतो.

याहून नवलाची गोष्ट पहिल्या महायुद्धातली. सैन्याचे पगार आणि मालाची खरेदी यांसाठी सरकारला चांदीचे रुपये पुरेनात. लोक रुपया हातात आला की पुरून ठेवत, आणि कागदी नोटा घेऊन रुपये मागायला येत. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, तरी भागेना. शेवटी १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन नावाचा कायदा केला आणि आपले चांदीचे डॉलर वितळवले. थोडेथोडके नव्हे, २७ कोटींच्या वर. त्यातली बहुतेक चांदी इंग्लंडमार्फत हिंदुस्थानात आली आणि तिचे पंचम जॉर्जच्या छापाचे रुपये झाले. तुमच्या देव्हाऱ्यात १९१८ ते १९२० मधला रुपया असेल, तर तो आधी अमेरिकेच्या एखाद्या तिजोरीत डॉलर म्हणून पडून असण्याची बरीच शक्यता आहे.

यंत्राचा एकसारखा रुपया सुरू झाला १८३५ च्या कायद्याने. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. कळ म्हणजे यंत्र, म्हणून तो 'कलदार'. वजन इतकं नेमकं, की लोक रुपयानेच इतर वस्तू तोलू लागले. 'रुपयाभार' हा शब्द माझ्या दादीच्या तोंडी होता. ऐंशी रुपयाभार म्हणजे एक शेर. साडेबावन्न तोळे चांदी असेल त्याने जकात द्यायची, हा आमच्याकडचा नियम. दादी त्याचा हिशेब मेहेरचे रुपये तराजूत टाकूनच करायची.

राणीच्या रुपयावर १८६२ हे साल असेल तर लगेच त्याच वर्षाचा समजू नका. ते साल पुढची दहा-बारा वर्षं तसंच छापत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने खाली बारीक ठिपके देऊन वर्ष ओळखायची सोय केली. ते ठिपके मोजण्यात संग्राहकांची अख्खी दुपार जाते. १८७७ पासून 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. पण माझा आवडता रुपया १९११ चा. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर एका मानाच्या पदकमाळेतला हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड इतकी आखूड आली, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांनी हरकत घेतली. साहेबाने फार वाद घातला नाही, पुढच्या वर्षी ठसा बदलून हत्तीला चांगली लांब सोंड आणि कान दिले. बाहेर न गेलेले बहुतेक १९११ चे रुपये परत भट्टीत गेले. म्हणून आज १९११ आणि १९१२ ही दोन साधी दिसणारी नाणी शेजारी ठेवण्यात गंमत आहे. आमच्या लोकांच्या तक्रारीने दुर्मिळ झालेलं हे नाणं आज जैन, मारवाडी, ख्रिश्चन सगळेच संग्राहक मोठ्या प्रेमाने शोधतात.

पुढची गोष्ट उताराची आहे. इंग्लंडने आपल्या नाण्यांतली चांदी १९२० मध्ये निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये काढूनच टाकली. आपला रुपया १९४० मध्ये निम्म्या चांदीचा झाला आणि १९४७ मध्ये निकेलचा. अमेरिकेच्या डाइम आणि क्वार्टरमधली चांदी १९६५ पासून गेली. सालं लक्षात ठेवायची ती यासाठी, की १९३८चा रुपया आणि १९४२चा रुपया सराफाच्या काट्यावर सारख्याच वजनाचे भरतात, पण आतली चांदी सारखी नसते.

जगातली नाणी जमवायला जगभर फिरावं लागतं असं नाही. ती आपल्या गावांत आधीच आलेली आहेत. सातारा-सांगलीचे जवान पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले. तिथे, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत आपलाच रुपया चालत होता. माझे आजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले, त्यांनी आणलेला हिजरी १३५४ चा सौदी रियाल आमच्या घरात आहे. १३५४ म्हणजे १९३५. तो आणि आपला रुपया तराजूच्या दोन पारड्यांत टाकले तर काटा जवळजवळ मध्येच राहतो. सौदी सरकारने रियालचं वजन आणि कस त्या वर्षी रुपयाच्या जोडीला आणून बसवला, कारण हाजी आणि व्यापारी ओळखत होते ते रुपयाला.

मुंबईची टांकसाळ तर परदेशांसाठीही नाणी पाडायची. १८९५ पासून तिथे ब्रिटिश 'ट्रेड डॉलर' पडू लागला, हाँगकाँग आणि सिंगापूरच्या व्यापारासाठी. पुढे हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, मागे 'एक डॉलर' हे चिनी अक्षरांत आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंगाखाली पाहिलं तर 'बी' हे इवलंसं अक्षर सापडतं. बी म्हणजे बॉम्बे. दुसरं नाणं त्याहून विलक्षण. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, पण तिच्या छापाचा मोठा चांदीचा थालर येमेन, इथिओपिया या भागांत इतका मान्य होता, की तो १७८० हेच साल घालून पुढेही पाडत राहिले. मुसोलिनीने इथिओपियावर चढाई करताना १९३५ मध्ये ऑस्ट्रियाकडून ठसे घेतले, तेव्हा इंग्रजांनी आपले वेगळे ठसे केले. १९४० पासून दोन-तीन वर्षं मुंबईच्या टांकसाळीतही हे थालर पडले. साल १७८०, राणी ऑस्ट्रियाची, बाजार अरबस्तानचा आणि घाम फोर्टातल्या कामगारांचा. जुन्या बाजारात कुणी 'अडीचशे वर्षांपूर्वीचं नाणं' म्हणून थालर दाखवला, तर हे आठवा. व्हिएन्नाची टांकसाळ तो अजूनही पाडते.

स्मारक नाण्यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. आपल्याकडे स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४ मध्ये नेहरूंच्या नाण्याने झाली, ते निकेलचं. चांदीचं पहिलं लक्षात राहण्यासारखं म्हणजे १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं. १५ ग्रॅम वजन, शेकडा ८० चांदी. त्यावर पाडल्याचं साल नाही, फक्त १८६९-१९४८. आमच्या वडिलांनी ते दहा रुपये देऊन घेतलं आणि घरात दहा रुपयांची चणचण असतानाही मोडलं नाही. १९७० मध्ये 'सब के लिए अन्न' हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेचं नाणं आलं. तशाच विषयाची नाणी इतर देशांनीही काढली, त्यांचा एक सुंदर जागतिक संच करता येतो. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं मोठं झालं, साडेबावीस ग्रॅम, पण चांदी निम्म्यावर आली. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यातही चांदी निम्मीच. अशी नाणी टांकसाळीकडे पैसे भरून मागवावी लागतात, ती बाजारात फिरत नाहीत. फिरलेल्या नाण्याला जो इतिहास असतो तो त्यांना नाही, असं मला वाटतं. आणि स्मारक म्हणजे दुर्मिळ, हाही गैरसमज. १९६५ चा चर्चिलचा ब्रिटिश क्राऊन घ्या. दिसायला रुबाबदार, पण त्यात चांदीचा कणही नाही, आणि पाडला दोन कोटींच्या घरात.

फसवणूक याच गैरसमजावर चालते. 'जुना रुपया द्या, लाख रुपये घ्या' अशा जाहिराती येतात, मग नोंदणीचे म्हणून आधी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याविरुद्ध लोकांना सावध केलं होतं. दुसरा प्रकार जत्रेतला. ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८, आणि वर रामदरबार किंवा मारुती. कंपनीने असलं नाणं कधीही पाडलेलं नाही. रुपया घेताना ११.६६ ग्रॅम वजन पाहा, झिजेने थोडं कमी चालेल. कडेच्या खाचा सरळ आणि सारख्या आहेत का बघा, ओतीव नकलेत तिथे बारीक रेघ दिसते. आणि वाजवून घ्या. जुने वाणी दगडावर रुपया वाजवत आणि आवाजावरून खोटा ओळखत. आपलं 'नाणं खणखणीत' तिथलंच.

एक विनंती माताभगिनींना. लक्ष्मीपूजनाला रुपया चिंच, राख, रांगोळी किंवा दंतमंजनाने घासू नका. चांदीवरची काळसर झाक ही घाण नसते. घासल्याने राणीच्या केसांच्या बटा जातात आणि सालाचे ठिपकेही जातात. साध्या पाण्यातून काढा, मऊ फडक्याने टिपा, देवी रागावणार नाही. ज्या नाण्याला माळेसाठी कडी डाग देऊन बसवली आहे, त्याची किंमत संग्राहक कमी धरतो. मी धरत नाही. ती कडी काढू नका.

शेतात किंवा पायात नाणी सापडली तर काय करायचं, हे मला सगळ्यात जास्त विचारतात, तेही आवाज खाली आणून. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. लोक घाबरतात आणि रातोरात हंडा भट्टीत जातो. प्रत्यक्षात कायद्यात सापडणाऱ्याचा वाटा आहे. दुसरा कुणी मालक पुढे आला नाही आणि काही वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला ठेवा हवा असेल, तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेण्याची तरतूद आहे. मात्र शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, परदेशात मुलाकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ठेवा एकत्र राहिला तर काय होतं, याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीची १३ हजारांहून जास्त नाणी सापडली. सगळी क्षहरात राजा नहपानाची, त्याच्या मुखवट्याची. एकाच नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. त्याने शत्रूची नाणी आटवली नाहीत. त्याच चांदीवर आपली खूण ठोकली, खाली शत्रूचा चेहरा अर्धवट दिसत ठेवून. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, याचा याहून सरळ पुरावा नाही. यातली चार-दोन नाणी वेगवेगळ्या दुकानांत गेली असती, तर ती नुसती खराब उमटलेली नाणी ठरली असती. शेकड्यांनी, हजारांनी एकत्र होती म्हणून बोलली. नाशिकजवळच्याच अंजनेरीला पुढे नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, अभ्यासकांनी ती जरूर पाहावी.

त्या म्हाताऱ्या बाईंना मी शाह आलमचं नाव वाचून दाखवलं, अंकुशावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, 'म्हंजी दोगांचा हाय म्हना की.' घरात नाणं असेल त्याने एवढं करावं: दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, वजन लिहावं, आणि ते कुणाकडून, कोणत्या निमित्ताने आलं, तेही त्याच कागदावर लिहावं. मेहेरचं, माहेरचं, पलटणीतलं, हजचं, जे असेल ते. आमच्या रियालच्या कागदावर आजोबांच्या बोटीचं नाव लिहायची जागा मी मोकळी ठेवली आहे. ते सांगू शकेल असं एक माणूस मिरजेला अजून आहे, पुढच्या जुम्म्याला तिकडे जायचं आहे.